मुलाच्या अ‍ॅलर्जीचा रिपोर्ट: आधी वय बघा, मग गाव

सांगलीत लहान मुलांच्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीच्या टोचण्या, म्हणजे कातडीवरच्या चाचण्या, मी करते. रिपोर्ट हातात पडला की आयांचा प्रश्न ठरलेला: "ताई, आता काय काय बंद करायचं?" बहुतेकींना मी सांगते, इतक्यात काहीच नाही.

संशयित पदार्थाचा थेंब कातडीवर ठेवून हलकं टोचलं की पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते. नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा ती 3 मिमी किंवा जास्त मोठी असली की पॉझिटिव्ह. म्हणजे अंगात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाचं अ‍ॅलर्जीचं प्रथिन तयार झालंय, एवढंच. त्रास होतो का, हे तुम्ही सांगायचं. रोज अंडं खाऊन मजेत असलेल्या पोराचं अंडं नुसत्या कागदावरून तोडू नका. कधी कधी उलट सवय मोडून खरी अ‍ॅलर्जी सुरू होते.

आता वय. दोन वर्षांच्या आतलं, अंगावर इसब असलेलं मूल असेल तर कागदावर दूध, अंडं सापडणं नवल नाही. यातली बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत त्यातून बाहेर पडतात, म्हणून डॉक्टरांना विचारून ठरावीक काळानं चाचणी पुन्हा करा. शेंगदाणा आणि मासे मात्र सहसा पिच्छा सोडत नाहीत. तान्ह्या बाळाची गांध मुळात लहान उठते, तेव्हा निगेटिव्ह आलं म्हणून फार निर्धास्त होऊ नका. तीन-चार वर्षांनंतर यादी बदलते: धुळीतले किडे, परागकण, झुरळं. शाळकरी पोराच्या कागदावर चार-पाच नावं दिसली तर घाबरू नका, वयाबरोबर नावं वाढतातच.

मग गाव. शिराळा, पाटण, महाबळेश्वर म्हणजे भिंती ओल धरणार, गाद्यांत किडे आणि कोपऱ्यात बुरशी. या किड्यांना दमट हवा लागते. जत, आटपाडी, माण-खटाव कोरडं, तिथं ते कमी. पण पावसानंतर रस्त्याकडेला काँग्रेस गवत फुललं की नाकं गळायला लागतात. रक्तचाचणीच्या काही छापील याद्यांत बर्चसुद्धा असतो. ते उत्तर युरोपातलं झाड. आपल्याकडे त्या ओळीवरून काही ठरवू नका.

विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परराज्यांत राहणाऱ्यांच्या, घरांत हे विशेष लक्षात ठेवा. मूल केरळात वाढलं, चाचणी तिथं झाली, आणि आता आजीकडं राहायला आलंय. तो कागद तिथल्या हवेचा. इथं आल्यावर शिंका कधी आणि कुठं येतात, ते महिनावार वहीत लिहा आणि वही घेऊनच डॉक्टरांकडं जा.

ऊस तुटल्यावर शेजारी पाचट पेटवलं आणि पोर खोकलं, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. धूर कुणालाही झोंबतो, त्याची टोचणी नसते. नुसतं "एकूण आयजीई वाढलंय" यावरूनही निष्कर्ष काढू नका, जंतांनीही ते वाढतं.

किडे पॉझिटिव्ह आणि सकाळी उठल्याबरोबर शिंका, असं जुळलं तर मात्र कामाला लागा. चादरी, अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा, कोमट पाण्यात किडे मरत नाहीत. आजीची गोधडी धुवायला जड, ती पोराच्या अंथरुणातून काढलेलीच बरी. आजी रुसेल, रुसू दे. कोरडा झाडू मारताना पोराला बाहेर पाठवा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा.

काही खाल्ल्यावर लगेच ओठ सुजले, उलट्या लागल्या, श्वास अडकला, तर घरी पुन्हा चाखवून बघायचं नाही. थेट दवाखाना.

टोचणीला येण्याआधी आठवडाभर सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जी दाबणारी औषधं बंद लागतात, तीही डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या बाटलीतही तसलं औषध असतं, म्हणून बाटली बरोबर आणा. दम्याचा पंप मात्र आपल्या मनानं थांबवू नका.