चर्चच्या शिबिराला मुलं न्यायची आहेत? घरची परवानगी अशी घ्या

रविवारी उपासनेनंतर नोटीस वाचायची, "तरुण संघाचं शिबिर, पाचगणी, तीन दिवस", आणि दारात उभं राहून चिठ्ठ्या वाटायच्या. एवढं केलं की परवानगी मागून झाली, असं पहिली दोन वर्षं मला वाटायचं. पुढच्या रविवारी वीसपैकी आठ चिठ्ठ्या परत यायच्या, त्यातल्या दोन चुरगळलेल्या. बाकीच्या दप्तराच्या तळाशी.

मग एका वर्षी निघायच्या सकाळी सांगलीच्या स्टँडवर एक आजी आल्या आणि नातवाला गाडीतून खाली उतरवून घेऊन गेल्या. चिठ्ठीवर वडिलांची सही होती. वडील मात्र त्या आठवड्यात ट्रक घेऊन गुजरातेत. सही पोरानंच केली होती, आणि चांगली वळणदार केली होती. चूक माझी होती. त्या घरी मी एकदाही गेलो नव्हतो. तेव्हापासून आमच्या संघात क्रम ठरलेला आहे: आधी घरी जायचं, कागद नंतर.

घरी जाण्याआधी: "बहुतेक" हा शब्द काढून टाका

आईवडिलांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात. बरोबर कोण? झोपायची सोय कुठे? गाडी कुठली? परत किती वाजता? पैसे किती? यातल्या एकाचंही उत्तर "बहुतेक"नं सुरू होत असेल तर अजून घरी जाऊ नका. जागा पक्की करा, तिथल्या माणसाचा फोन नंबर घ्या, खोल्या आधी डोळ्यांनी बघून या.

गाडीचं म्हणाल तर एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी गाडी आपल्यापुरती ठरवणं, परवडत असेल तर तोच करा. लाल गाडी म्हटलं की निम्मी घरं निवांत होतात. खासगी ट्रॅव्हलर असेल तर परमिट, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन्स याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एखादे वडील हमखास मागतात. कऱ्हाड, सातारा, वाई असं जाऊन पसरणीचा घाट उजेडात चढता येईल अशी निघायची वेळ धरा. घाटात उलट्या होतात, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. म्हणून गोळी कोण देणार, की घरूनच देऊन पाठवायची, हेही आधी ठरवा.

मुलींच्या घरी मुख्य प्रश्न एकच: "बाई कोण?" किमान दोन बायका मुक्कामाला हव्यात आणि त्यांची नावं ठरलेली हवीत. त्यातली एक अशी असावी की जिची स्वतःची मुलगी शिबिराला येतेय. पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाद्रींची पत्नी, जेवणापुरत्या येऊन जाणार असतील तर त्यांना मुक्कामात मोजू नका.

घरी कधी जायचं, कुणाशी बोलायचं

चर्चच्या आवारात, चारचौघांत विचारू नका. तिथे सगळे "हो हो, पाठवू की" म्हणतात, कारण पाळकसाहेब शेजारी उभे असतात. तो होकार शुक्रवारी रात्री फोनवर परत जातो.

घरी जायची वेळ त्या घरच्या कामावर ठरते. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नर्सिंगची घरं पुष्कळ. आई नाइट करून आली असेल तर सकाळी दहाला बेल वाजवणं म्हणजे नकार मागून घेणं. कुपवाड एमआयडीसीत पाळीवर असलेल्या वडिलांचंही तसंच. तासगावकडे द्राक्षाच्या हंगामात तर कोण घरी सापडेल याचा नेम नाही. मुलाला विचारून घ्या, तो बरोबर वेळ सांगतो.

शक्यतो दोघं असताना जा. नाहीतर आई म्हणते "ह्यांना विचारा", वडील म्हणतात "तिच्या मम्मीला विचारा", आणि तुम्ही तीन फेऱ्या घालता. घरात आजी असेल तर पहिलं बोलणं तिच्याशी. आमचं एक बोलणं असं झालं होतं:

"सलाम आजी."

"सलाम. बस. किती दिवस म्हणालास?"

"तीन दिवस, दोन रात्री."

"आणि पोरी झोपणार कुठं?"

"मुलींचा हॉल वरच्या मजल्यावर, मुलांचा खाली. वर दोन बायका झोपणार. जिन्याच्या दाराला आतून कडी आहे, मी बघून आलोय."

आजींनी सुनेकडे बघितलं. "चहा टाक." इतकंच. पण कडीचं बोललो नसतो तर चहा आला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

जायच्या आधी मुलाला एकट्याला विचारा की त्याला खरंच यायचंय का. काही मुलं मित्रांच्या नादानं नाव देतात आणि घरून नकार यावा म्हणून वाट बघतात.

चिठ्ठीत काय लिहायचं

बोलणं झाल्यावर चिठ्ठी. एका पानात बसवा, मराठीत लिहा. आमची साधारण अशी असते:

*मी ………, ……… (वय …) याची/हिची आई/वडील/पालक. दिनांक … ते … या काळात पाचगणी येथे होणाऱ्या शिबिराची माहिती मी वाचली आहे. मुलाला/मुलीला पाठवण्यास माझी संमती आहे.*
*निघण्याची जागा व वेळ: ……… परत येण्याची वेळ: ……… घ्यायला येणारी व्यक्ती: ………*
*दमा, फिट, ॲलर्जी, रोजचे औषध: ………*
*गरज पडल्यास डॉक्टरांकडे नेण्यास: हो / नाही*
*पाण्यात उतरण्यास किंवा बोटीत बसण्यास: हो / नाही*
*फोटो ग्रुपवर टाकण्यास: हो / नाही*
*दोन फोन नंबर: ……… ………*
*सही, नाव, तारीख*

"हो / नाही" वेगवेगळं ठेवायचं कारण असं की बहुतेक घरांची हरकत शिबिराला नसते, एखाद्याच गोष्टीला असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावात बोटीत बसायला नको म्हणणारी आई बाकी सगळ्याला तयार असते. मग तिचा मुलगा काठावर मक्याचं कणीस खातो, एवढंच. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सामानाची यादी द्या. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात स्वेटरशिवाय आलेलं पोरगं दोन्ही रात्री दुसऱ्याच्या चादरीत शिरतं.

"काही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत" ही ओळ कुठून तरी उतरवून घेतलेली असते, ती खोडा. पालक सही करतात म्हणून आपला निष्काळजीपणा माफ होत नाही. आणि ती ओळ वाचून कुणाचा विश्वास वाढलाय, असं मी पाहिलेलं नाही.

सही ओळखीची वाटली तरी पालकांना एक फोन करा. का, ते वर सांगितलंच आहे. अठरा पूर्ण झालेल्यांना कायद्यानं घरच्यांची सही लागत नाही. तरी घरी एकदा बोला, आपल्याकडे विशीतल्या मुलीलाही घरी विचारूनच निघावं लागतं.

हे पालकांना तोंडानं सांगा

चिठ्ठीत न बसणारी एक गोष्ट आहे आणि ती बोलायला सगळेच अवघडतात. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, मग तो कितीही जुना आणि मानाचा असो. हे पालकांना स्पष्ट सांगा. काही गैर घडलं तर ते चर्चच्या पंच कमिटीत आपसांत मिटवायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८ हा नंबर चिठ्ठीच्या मागे छापा. "यानं लोक घाबरतील," असं आमच्यात एकजण म्हणाला होता. घाबरलं कुणी नाही, उलट एका आईनं तो कागद फ्रिजवर लावला.

मित्रमैत्रिणी येणार असतील तर

शाळेतला एखादा मित्र "मी पण येऊ?" म्हणतो आणि त्याचं घर ख्रिस्ती नसतं. इथे दुप्पट सरळ वागा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, गीतं आणि बायबलचा पाठ आहे, हे त्याच्या आईवडिलांना समोर बसून सांगा. चिठ्ठीवर "व्यक्तिमत्त्व विकास शिबिर" असलं नाव लावू नका. राज्यघटनेचं कलम २८(३) सरकारमान्य शाळांसाठी आहे: तिथे अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात बसवायचं तर पालकांची संमती हवी. आपलं शिबिर शाळा नाही, पण मोजपट्टी तीच धरावी. घरचे घुटमळत असतील तर शिबिर राहू दे; नाताळच्या फराळाला सगळ्या घराला बोलवा.

नकार आला तर

दहावीच्या मुलांसाठी अडून बसू नका. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, त्यामुळे डिसेंबरातल्या शिबिराला "नाही" येणारच. अशा मुलाला कॅरलच्या फेरीला, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी फिरायला, एका रात्रीसाठी मागा, साडेनऊला घरी सोडायचं कबूल करा आणि स्वतः सोडा.

"अभ्यास आहे" असं सहावीतल्या मुलाचे वडील म्हणाले तर बहुधा अडचण फीची असते. तिथे बाकीच्यांसमोर सवलतीचा विषय काढू नका. जाताना दारात, हळू आवाजात: "फीचं नंतर बघू, ते माझ्याकडे लागलं."

आणि एक कृपा करा. ज्याच्या घरून नकार आला त्याच्यासमोर "प्रभू, याच्या आईवडिलांचं मन वळव" अशी मोठ्यानं प्रार्थना करू नका. पोरगं घरी जाऊन ते सांगतं. पुढच्या वर्षीचं दारही मग बंद.

निघताना आणि परत येताना

चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा तुमच्याजवळ, त्यांचे फोटो गावात मागे राहिलेल्या एकाजवळ. पोचल्यावर लगेच ग्रुपवर मेसेज. उशीर होणार असेल तर पालकांचा फोन यायच्या आधी तुमचा गेला पाहिजे. परतल्यावर मूल चिठ्ठीत नाव असलेल्या माणसाच्याच हातात द्या. "काकांबरोबर जातो" म्हणाला तर आधी आईला फोन.

शेवटचं पोरगं गाडीवर बसेपर्यंत स्टँड सोडायचा नाही. आमच्याकडे ते शेवटचं पोरगं दर वर्षी एकच असतं. त्याची आई कुपवाडहून पाळी सुटल्यावर येते, तोवर आमचे दोघांचे दोन-दोन चहा होतात.