खरेदीखताचे तळाचे दोन इंच: जुने कागद आणि फोटो स्कॅन करताना या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या घरी एका लोखंडी ट्रंकेत तीन पिढ्यांचे कागद होते. मी ते पहिल्यांदा एका झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतले. सीडी हातात आली, पैसे दिले आणि ट्रंक परत माळ्यावर गेली. पुढे वाटणीच्या वेळी आजोबांचं खरेदीखत उघडून पाहिलं, तर एकाही पानाचे तळाचे दोन इंच नव्हते. सह्या आणि साक्षीदारांची नावं तिथेच होती. खरेदीखत लीगल कागदावर होतं, म्हणजे १४ इंच लांब. साध्या फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद पालथा ठेवायच्या स्कॅनरची काच ए-४ मापाची, जेमतेम ११.७ इंच. वर उरलेला कागद काचेबाहेर राहिला आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही.

तेव्हापासून कोणी ‘कुठला स्कॅनर घेऊ?’ असं विचारलं, की मी आधी ट्रंक उघडायला सांगते.

कागद न बघताच यंत्र घेणं

एक दुपार काढा आणि ढीग लावा. सुटे, धड ए-४ कागद एकीकडे. लीगल कागद आणि नकाशे वेगळे. घडीवर विरलेले आणि कसर लागलेले वेगळे. मग बांधीव वह्या, फोटो, निगेटिव्ह. कुठला ढीग मोठा आहे त्यावर यंत्र ठरतं.

सुट्या कागदांना आपोआप पान ओढणारा फीडर उत्तम, बऱ्याच फीडरमधून लीगल कागदही जातो. पण जीर्ण कागद फीडरमध्ये कधीही घालू नका. रबरी रोलर घडीवरच कागद फाडतो आणि फाटलेला तुकडा आतच अडकतो. असा कागद फ्लॅटबेडवर ठेवावा. लांब असेल तर दोन भागांत स्कॅन करावा आणि दोन्ही भागांत मधल्या चार-पाच ओळी सामाईक ठेवाव्यात.

फ्लॅटबेडमध्येही दोन जाती आहेत. कॅननच्या लाइड मालिकेसारखे पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर सीआयएस नावाच्या सेन्सरचे असतात (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा भाग). सपाट कागद ते स्वच्छ टिपतात, पण काचेपासून जरा वर उचललेला भाग धूसर येतो. वहीच्या शिवणीजवळची अक्षरं किंवा वळलेला फोटो त्यांना जमत नाही. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर जड आणि महाग, पण त्याला खोली दिसते. वह्या जास्त असतील तर पैसे इथे घालावेत.

खोक्यावरचा डीपीआय

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. मोठा आकडा बघून भुलू नका. ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशन, म्हणजे यंत्र खरोखर टिपतं ते ठिपके किती, तेवढंच विचारा. बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतो, बारीक मोडी लिपीला मी ४०० ठेवते. ४ × ६ इंची फोटो ६०० वर घेतला तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, मोठी प्रत काढायला भरपूर. तेच ६०० निगेटिव्हला लावले तर मात्र फसगत होते. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमीची, म्हणजे हाती येतात अवघे ८५० × ५६७ पिक्सेल. तिला निदान २४०० ते ३२०० डीपीआय हवा आणि झाकणातही दिवा हवा, कारण प्रकाश फिल्ममधून आरपार जावा लागतो. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेड सोय जुन्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही. तिथे ती बंदच ठेवा.

फाइल लहान करायचा हव्यास

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. कागदच तर आहे, म्हणून लोक काळा-पांढरा पर्याय निवडतात. मग शिक्क्याची फिकट जांभळी शाई, समासातली पेन्सिलची नोंद आणि मोडीतले पुसट शेरे सगळेच जातात. रंगीतच स्कॅन करा आणि पाठीमागची बाजूही घ्या.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचा धोका याहून मोठा आहे. २०१३ साली झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत एक दोष उघड झाला. स्कॅन केलेल्या पानावर ६ चे ८ होत होते. फाइल लहान करताना यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकड्यांना एकच समजत होतं. पान दिसायला अगदी नितळ, त्यामुळे चूक कळतही नव्हती. गट नंबर किंवा क्षेत्राच्या आकड्यात असं झालं तर? म्हणून मूळ प्रत टिफ (दर्जा न घटवता जपणारा फाइलचा प्रकार) किंवा उत्तम दर्जाच्या जेपीईजीमध्ये ठेवा आणि पाठवायला वेगळी पीडीएफ करा. व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीईजी द्यायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या, फोटो म्हणून पाठवलं की ती आकसते.

बाहेर काम देताना

दर पानामागे किती, हे सगळेच विचारतात. त्याआधी तुमचे सगळ्यात अवघड दहा कागद द्या आणि आलेल्या फाइल पूर्ण आकारात उघडून चारही कडा तपासा. फीडर वापरणार का, पिना कोण काढणार, कागद दुकानाबाहेर जाणार का, काम झाल्यावर त्यांच्या संगणकावरच्या प्रती पुसणार का, हे विचारा. कागद मोजून द्या, पोच घ्या. ‘लॅमिनेट करून देतो’ म्हणाले तर ठाम नकार द्या, जुन्या कागदाचं लॅमिनेशन परत निघत नाही.

घरी येणाऱ्या अडचणी

प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येते? फीडरच्या बाजूच्या अरुंद काचपट्टीवर धुळीचा कण आहे. मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, थेट काचेवर फवारू नका. मागचा मजकूर पुढे उमटतो? कागदाच्या पाठीशी काळा कार्डपेपर ठेवा. वर्तमानपत्राच्या कात्रणावर जाळी दिसते? स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय चालू करा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आमच्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. ट्रंक उघडायची ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नका. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने जारी केलेला दाखला मूळ प्रतीसारखा चालतो, आपण स्वतः चढवलेल्या स्कॅनला तो मान नाही.

दुसऱ्या खेपेला मी फोटोंच्या पाठीही स्कॅन केल्या. एका फोटोमागे आजीच्या अक्षरात पाच बायकांची नावं निघाली, डावीकडून उजवीकडे. पहिल्या सीडीवर त्या पाच अनोळखी होत्या. आता फोटोच्या फाइलचं जे नाव, तेच मागच्या बाजूच्या स्कॅनला देते आणि शेवटी ‘पाठ’ जोडते, म्हणजे दोन्ही शेजारी राहतात.