आयेल्ट्सच्या शब्दांची तयारी: रावेर-चोपड्याच्या मुलामुलींसाठी

परदेशी शिकायला किंवा राहायला जाण्यासाठी जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्या आयेल्ट्सला बसायचं ठरलं की कुणीतरी तीन हजार 'भारी' शब्दांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतंच. ती बाजूला ठेवा. परीक्षेच्या रायटिंग (लेखन) आणि स्पीकिंग (बोलणं) या भागांत शब्दसंपत्तीला पंचवीस टक्के वजन आहे, पण तिथे शब्द अवघड आहे का हे बघत नाहीत. तो नेमका आहे का आणि वाक्यात नीट बसला का, हे बघतात.

सामान थोडंच लागतं. एक दोनशेपानी वही, मोबाइलवर इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, आणि अकॅडेमिक वर्ड लिस्ट. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द) तिच्यात दहा उपयाद्यांत लावली आहेत, सगळ्यात जास्त वापरातली पहिल्या यादीत. त्या पहिल्या ६० पासून सुरुवात करा. रोज सात-आठ शब्द झाले तरी पुष्कळ.

वहीत एका शब्दाला अख्खं पान द्या. 'इन्क्रीज' घ्या, अर्थ येतो म्हणून सोडू नका. नाम असेल तर उच्चाराचा जोर पहिल्या सिलॅबलवर (शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, हे आधी लिहा. मग त्याचे सोबती, म्हणजे त्याच्याबरोबर नेहमी येणारे शब्द: शार्प, ग्रॅज्युअल, स्टेडी. मग कशात वाढ झाली हे सांगताना नामापुढे 'इन', कितीने वाढलं हे सांगताना क्रियापदापुढे 'बाय'. शेवटी स्वतःचं वाक्य, हतनूर धरणातल्या पाणीसाठ्यावर म्हणा किंवा केळीच्या भावावर. अकॅडेमिक रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये आलेखावर किमान १५० शब्द लिहायचे असतात. हे पान तिथे सरळ उपयोगी पडतं. लाल शाईचं एक पान वेगळं ठेवा: रिसर्च, इन्फर्मेशन, इक्विपमेंट यांना अनेकवचनाचा 'एस' लावायचा नाही, आणि 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. आपल्याकडे गुण जातात ते बहुतेक अशाच ठिकाणी.

आता विषय. पर्यावरण, पाणी, शेती, स्थलांतर हे निबंधात पुन्हा पुन्हा येतात, आणि ते सगळे आपल्या दारातच आहेत. शब्द शोधायला लंडनला जायची गरज नाही. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत उभं राहून बघा: ड्रिप इरिगेशन, टिश्यू कल्चर, कॅश क्रॉप, ग्राउंडवॉटर डिप्लिशन. मे महिन्यातला जळगावचा उन्हाळा म्हणजे हीटवेव्ह. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे इंग्रजीत चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, कारण स्पीकिंगच्या पहिल्या भागात गावाबद्दल विचारतात. दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड हातात आल्यावर तयारीला एकच मिनिट मिळतं आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. तेव्हा पाठ केलेला शब्द आठवत नाही, वापरलेला आठवतो. म्हणून रोज एका विषयावर मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. घरी अहिराणी बोलता म्हणून संकोच बाळगू नका. उच्चार समजला पाहिजे, लहेजा बदलायची गरज नाही.

लिसनिंगसाठी, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या भागासाठी, स्पेलिंग घोटा. चुकीच्या स्पेलिंगला गुण मिळत नाही, मग शब्द बरोबर ऐकलेला असो. 'अकॉमोडेशन', 'गव्हर्न्मेंट', 'एन्व्हायर्न्मेंट' हे घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगून लिहा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. वहीतला शब्द बघून, बाकीचं पान झाकून सोबती आठवायचे; नुसतं वाचून उपयोग नाही.

शेवटच्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नका. जुनीच पानं, रोज एक २५० शब्दांचा निबंध, चाळीस मिनिटांत, घड्याळ लावून. आदल्या रात्री बॅगेत पासपोर्ट घाला. नोंदणीत ज्याचा नंबर दिला तोच, त्याची झेरॉक्स नव्हे.