द्रुपलवर कंपनीचे संकेतस्थळ उभारताना

रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याच्या आंबा-काजू प्रक्रिया कंपनीचे संकेतस्थळ द्रुपल या संकेतस्थळे उभारण्याच्या सॉफ्टवेअरवर उभारायचे असेल, तर रंगसंगतीच्या चर्चेने सुरुवात करू नये. आधी मजकुराची रचना कागदावर मांडावी. ‘उत्पादन’ हा स्वतंत्र मजकूर-प्रकार करून त्यात नाव, निव्वळ वजन, घटकपदार्थ आणि हंगाम यांसाठी वेगवेगळी फील्ड (माहिती भरण्याचे रकाने) ठेवावीत. आमरसाच्या डब्याचे वजन वर्णनाच्या परिच्छेदात लिहिले, तर दुरुस्तीसाठी प्रत्येक पान उघडावे लागते; तेच फील्डमध्ये भरले, तर व्ह्यूज या याद्या बनवण्याच्या द्रुपलमधील सुविधेच्या साहाय्याने वजनानुसार यादी तयार करता येते. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते असल्याने हापूसच्या उत्पादनांसाठी ‘फळाचा जिल्हा’ हे फील्ड अनिवार्य करावे, कारण ग्राहकाचा विश्वास नेमका तिथे जोडलेला असतो.

त्यानंतर वापरकर्त्यांच्या भूमिका, म्हणजे कोणाला कोणते अधिकार, हे ठरवावे. मजकूर लिहिणाऱ्याला थेट प्रकाशनाचा अधिकार देऊ नये; द्रुपलच्या गाभ्यातील कंटेंट मॉडरेशन मॉड्यूल सुरू करून मसुदा, तपासणी आणि प्रकाशित असे टप्पे आखावेत. मराठी व इंग्रजी पाने एकाच नोंदीची भाषांतरे म्हणून ठेवावीत, म्हणजे वजनासारखी समान माहिती एकदाच भरावी लागते.

थीम, म्हणजे संकेतस्थळाचे दृश्य रूप, साधी चालेल. मुखपृष्ठावर मात्र कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), दूरध्वनी, ईमेल आणि तक्रारीसाठी संपर्क-व्यक्तीचे नाव द्यावेच लागते. कंपनी स्थापना नियम, २०१४ मधील नियम २६ तसे सांगतो.