रविवारच्या डाळिंब्या गुरुवारी सुरू होतात

आमच्या घरी रविवारची सुरुवात गुरुवारी रात्री होते. जेवणं आटोपली की मी पाव किलो कडवे वाल निवडून भरपूर पाण्यात भिजत घालते. चार माणसांना तेवढे पुरतात. उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री भिजवले तरी चालतात, पण पुण्याच्या थंडीत मोड यायला वेळ लागतो. सकाळी वाल उपसून फडक्यात घट्ट बांधायचे आणि उबेला ठेवायचे. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारायचा.

शनिवारी ऑफिसातून येताना मी पुणे नगर वाचन मंदिरात जाते. वाचनालय 1848 सालचं आहे. पुस्तक निवडताना मी उभ्याउभ्याच एक पान ओठांतल्या ओठांत वाचून बघते. दम न लागता वाक्य पुरं झालं तरच ते घ्यायचं, कारण ते मोठ्यानं वाचायचं असतं. प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रं, जुने दिवाळी अंक यासाठी उत्तम. कादंबरी नको. आठवडाभरानं पुढचं वाचताना माणसं आठवत नाहीत.

रविवारी सकाळी मोडाचे वाल अर्धा तास कोमट पाण्यात टाकायचे, सालं सैल होतात. दाण्याचं एक टोक चिमटीत दाबलं की दुसरीकडून डाळिंबी सुळकन बाहेर येते, पांढरी, मोडासकट. सोललेल्या डाळिंब्या मंडईतही मिळतात, पण मी आणत नाही. सासूबाईंना आता अक्षरं नीट दिसत नाहीत, डाळिंब्या मात्र त्या न बघता सोलतात. त्यांनी सोलायचं आणि मी वाचायचं, असं आमचं ठरलेलं आहे. मध्येच त्या हात थांबवून म्हणतात, "थांब गं, हे गाव मी पाहिलंय." मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवायचं आणि ऐकायचं. तेव्हा घाई करायची नाही. ताट रिकामं झालं की वाचनही थांबतं, मग प्रकरण अर्धं राहिलं तरी चालेल.

तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता घालून त्यावर डाळिंब्या अलगद परतायच्या. गरम पाणी घालायचं, वर पाण्याचं ताट झाकायचं आणि आच मंद ठेवायची. डावानं ढवळलं तर मोडतात, म्हणून पातेलंच हलवायचं. बोटानं दाबून दाणा मऊ झालाय हे बघितल्यावरच आमसूल, गूळ, मीठ, तिखट आणि गोडा मसाला. एकदा पाहुणे दारात होते म्हणून मी आमसूल आधीच टाकलं. आंबटानं दाणे शिजेनात, पाऊण तासानंतरही दडदडीत. तीन दिवसांची वाट फुकट गेली, त्याची हळहळ अजून आहे. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर. सोबत गरम भात, वर तूप. भाजी-चपातीचा घाट त्या दिवशी नाहीच.

रात्री हिशेबाची वही उघडते. दूध, भाजी, रिक्षा लिहून झालं की बेरजेखाली एक ओळ. छान वाटलं, बरं वाटलं असं लिहायचं नाही. पाहिलं, ऐकलं तेवढंच. मागच्या रविवारी बेरजेखाली आहे: "पान 46. आई म्हणाल्या, हे पुन्हा वाच."