पोराला घेऊन टर्कीच्या शिकारीला निघताय? या चुका टाळा

वसंतातली टर्कीची शिकार उलट्या हिशेबाने चालते. रानात टर्की या मोठ्या पक्ष्याचा नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो आणि तो येईपर्यंत दगडासारखा बसून राहतो. एकट्यालाही हे जड जातं. सोबत बारा-तेरा वर्षांचं पोर असलं की बिघडायच्या जागा दुप्पट होतात. त्यातल्या बहुतेक चुका पोराच्या नसतात, आईबाबांच्या असतात, आणि निम्म्या तर रानात पाय ठेवण्याआधी घरीच झालेल्या असतात.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाटच बंद झाली. त्यामुळे अमेरिकेत आलेल्या मराठी घरांत आईबाबाही पोराइतकेच नवखे असतात. खालचे नियम न्यूयॉर्क राज्याचे आहेत. तिथे टर्की जवळपास शंभर वर्षं नाहीशी झाली होती. १९४८च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातून काही पक्षी पश्चिम भागात शिरले आणि तिथून ती पुन्हा पसरली. आज हंगाम १ ते ३१ मे असतो आणि त्याआधीचा शनिवार-रविवार १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. तुमचं राज्य वेगळं असेल तर त्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा, गेल्या वर्षीची नको.

परवान्यातली चूक सगळ्यात महाग

मुलांच्या त्या दोन दिवसांत सोबतच्या मोठ्या माणसाकडेही शिकारीचा परवाना आणि टर्कीचं परमिट लागतं, पण त्याने स्वतः बंदूक बाळगायची नाही. आवाज काढून पोराला मदत करता येते. पहिला परवाना काढायचा तर सुरक्षिततेचा कोर्स दोघांनाही करावा लागतो. एप्रिलमध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो. थंडीतच नाव घाला.

दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. लोक फसतात ते नंतर: न्यूयॉर्कचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, बंदूक मात्र कपाटातच राहते. व्हिसावर असाल तर बंदूक घेण्याआधी वकिलाशी बोला आणि परवान्याच्या तारखेकडे पासपोर्टइतकंच लक्ष ठेवा.

बाबांची बंदूक पोराच्या खांद्याला

मोठ्यांची १२ बोअर शॉटगन (छर्‍यांची बंदूक; बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक) पोराच्या हातात देणं ही नेहमीची चूक. मोठ्यांच्या दस्त्याची लांबी १४ इंचांच्या आसपास असते. पोर मग मान पुढे ताणतं, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून जातात. माप साधं आहे: दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला लावल्यावर बोट सहज चापापर्यंत पोचलं पाहिजे. मुलांसाठीची २० बोअर बहुतेकांना पुरते.

पण हलकी बंदूक जास्त लाथ मारते, हे विसरलं जातं. साडेपाच पौंडांच्या २० बोअरमधून ३ इंची टर्कीचं काडतूस झाडलं की मोठ्याचाही खांदा हलतो. पोराने असली दोन-तीन झाडली की चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते, आणि ती सुटायला वर्ष जातं. म्हणून सराव पाऊण-एक औंसाच्या साध्या, मातीच्या तबकड्यांवर वापरतात त्या काडतुसांनी करा. कानांवर इअरमफ हवेतच. टर्कीचं काडतूस मोठ्या माणसाने टेकणीवरून झाडून तपासावं, पोराने फार तर एकदा. टंगस्टनचे ९ नंबरचे छर्रे महाग असतात, पण शिशापेक्षा बरेच जड असल्यामुळे कमी वजनाच्या काडतुसातही काम करतात. म्हणून हल्ली ४१० बोअरही मुलांच्या हातात दिसते. तुमच्या राज्यात ती चालते का, ते आधी बघा.

छर्रे कसे पसरतात हे न तपासता जाऊ नका. मोठ्या कागदावर १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि ४० यार्डांवरून झाडा. वर्तुळात शंभरेक छर्रे असतील तर अंतर चालेल. नसतील तर ३५, मग ३० यार्ड. जिथे शंभर भरतात ती त्या बंदुकीची हद्द. आता हाच प्रयोग १५ यार्डांवरून करा. टर्कीच्या आवळ चोकमधून, म्हणजे नळीचं तोंड अरुंद करणाऱ्या तुकड्यातून, छर्‍यांचा झुबका मुठीएवढाच पडलेला दिसेल. जवळ आलेला पक्षी का चुकतो, याचं उत्तर त्या कागदावर असतं. पोराला तो कागद दाखवा. दहा वेळा सांगून जे कळत नाही ते एका नजरेत कळतं.

लाल, पांढरं, निळं

नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. झुडपात हेच रंग हलताना दुसऱ्या शिकाऱ्याला दिसले तर काय होऊ शकतं, ते सांगायला नको. घरातून निघताना पोराचे पांढरे मोजे, निळी पाण्याची बाटली, लाल वेष्टनाची बिस्किटं, खिशातला टिश्यू हे सगळं तपासा. मनगटात पूजेचा लाल दोरा असेल तर तो हातमोज्याखाली गेला पाहिजे. डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, नेता-आणताना पिशवीत पूर्ण झाकलेला हवा. पिसारा फुलवलेल्या नराचा डिकॉय सरकारी रानात लावूच नका, आणि हातात पिसारा धरून पक्ष्याकडे सरपटण्याचा तो व्हिडिओतला प्रकार पोराला चुकूनही शिकवू नका.

बसताना पाठ खांद्यांपेक्षा रुंद झाडाला. त्याने मागून आडोसा मिळतो आणि आकारही लपतो. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, उठू नका, टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नका. बसल्या जागेवरून मोठ्याने, माणसाच्या आवाजात इंग्रजीतून सांगा की इथे शिकारी आहे. हे वाक्य पोराकडून घरी दोन-चारदा म्हणवून घ्या. आणि ओरडणाऱ्या नराच्या मागावर दबकत जायचं नाही. तो आवाज दुसऱ्या कुणाच्या बाबांनी काढलेला असू शकतो.

बसायची जागा, आणि कोण कुठे

टर्की रात्र झाडावर काढते आणि उजाडताना उतरते. त्या झाडाच्या फार जवळ बसलात तर ती तुम्हाला येतानाच बघते आणि उलट्या बाजूला उतरते. शंभर ते दीडशे यार्ड अंतर ठेवा. मेच्या सुरुवातीला राज्याच्या उत्तर भागात सूर्योदय सहाच्या थोडा आधी होतो आणि गोळी झाडायची मुभा त्याआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंत असते. पावणेपाचपर्यंत जागेवर बसलेलं असावं. म्हणजे पोराला तीनच्या सुमाराला उठवणं आलं, आणि आदल्या रात्री आठला झोपवणंही.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्या पोराचा डावा खांदा, पक्षी येईल असं वाटतं त्या दिशेला हवा. बंदूक डावीकडे सहज वळते, उजवीकडे वळत नाही. नवखे नेमके समोर तोंड करून बसतात आणि पक्षी उजवीकडून आला की अडकतात. नळी गुडघ्यावर किंवा दोन पायांच्या टेकणीवर आधीपासून टेकलेली असू द्या. पाच पौंडांची बंदूक पोर दोन मिनिटंही उचलून धरू शकत नाही.

मोठ्या माणसाने शेजारी नको, पोराच्या खांद्याला लागून किंचित मागे बसावं. तिथून नळी कुठे बघतेय ते दिसतं आणि बोटाने दाखवावं लागत नाही. बोट दाखवणं हीच आईबाबांची आवडती चूक. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने आजूबाजूचं बहुतेक सगळं एकदम दिसतं, आणि रंगांसकट. खुणा हाताने नकोत, स्पर्शाने ठेवा: खांद्यावर एक दाब म्हणजे थांब, दोन म्हणजे सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढ, आणि 'आता' हा एकच शब्द कुजबुजायचा. घरी सोफ्यावर बसून याची तालीम करा. ती हास्यास्पद वाटते, पण करा.

चुळबुळणाऱ्या पोरासाठी कापडी तंबू, म्हणजे लपण, बरं. मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात तुमच्या सावल्या दिसतात. आत काळे कपडे घाला आणि खुर्चीची उंची खिडकीशी आधीच जुळवून घ्या. डिकॉय २० यार्डांवर ठेवा. म्हणजे पक्षी त्याच्यापाशी आला की अंतराचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

फार बडबड

पक्ष्याने ओरडून उत्तर दिलं की नवख्याला चेव येतो आणि तो थांबतच नाही. नर अजून झाडावर असताना फार बोलावलं तर तो फांदीवरच बसून मादीची वाट बघतो. दोन-तीन हळू यल्प, म्हणजे मादीची साद, मग गप्प. तो उतरला की पाच-सात सुरांचा एक तुकडा, पुन्हा गप्प.

आवाज काढायच्या उपकरणांचं थोडं. स्लेट म्हणजे काडीने घासायची छोटी पाटी, पेटी म्हणजे झाकण घासून वाजणारा लाकडी डबा. स्लेटवर आवाज निघत नसेल तर बहुधा बोटाचं तेल लागलेलं असतं. पृष्ठभाग बारीक सँडपेपरने खरवडा आणि पुन्हा हात लावू नका. काडी पेनासारखी धरून छोटे लंबगोल काढायचे, ती पृष्ठभागावरून उचलायची नाही. पेटीच्या आवाजाला शाळेचा खडू घासू नका, त्यासाठीचाच खडू घ्या. चालताना पेटी कुरकुरू नये म्हणून रबर लावा.

ऐन वेळी बिघडतं तेव्हा

*नर ओरडतो पण येत नाही.* मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा दाट झुडूप असेल, किंवा सोबत माद्या असतील. तो मादीनेच यावं म्हणून उभा असतो. अर्धा तास गप्प बसा. हाताने पालापाचोळा तीन-चारदा ओरबाडा, चरणाऱ्या मादीसारखा. तोंड मागे वळवून अगदी हळू बोलवा, म्हणजे मादी निघून चालल्यासारखी वाटते. दोन मोठी माणसं असतील तर एकजण पन्नास यार्ड मागे जाऊन बोलावतो. पोराच्या हाती भरलेली बंदूक देऊन हा डाव खेळायचा नाही.

*सकाळी आठ वाजता सगळं शांत.* बहुतेक लोक इथे घरी जातात. माद्या अंड्यांवर बसायला गेल्या की नऊ ते अकराच्या दरम्यान एकटे पडलेले नर फिरू लागतात. पोर कंटाळलं असेल तर जागा बदला, त्याला खाऊ द्या, पायाखाली गादी द्या. तरी थंडीने कुडकुडत असेल तर मात्र निघा. पुढच्या वर्षी यायची इच्छा एका पक्ष्यापेक्षा मोलाची.

*पक्षी वीस यार्डांवर, पिसारा फुललेला.* अशा वेळी मान आखडलेली असते आणि डोकं लहान लक्ष्य असतं. एक तीक्ष्ण क्लक, म्हणजे मादीचा एकच छोटा सूर, काढा, तो मान वर करेल. नेम मानेवर पिसं संपतात तिथे. वसंतात दाढी असलेलाच पक्षी मारता येतो. छातीवरचा तो काळा झुपका पोराने स्वतः बघून खात्री केली पाहिजे.

*'पट, पट' असा तुटक आवाज.* पक्ष्याने तुम्हाला पाहिलं. नेम आधीच लागलेला असेल तरच संधी आहे. घाईने फिरवलेली नळी कधीच पोचत नाही.

*चाप ओढला, काहीच झालं नाही.* दहातल्या नऊ वेळा सेफ्टी लावलेलीच असते. नसेल तर नळी त्याच सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच काडतूस काढा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं.

*गोळी लागली.* बंदूक रिकामी करून मोठ्याच्या हाती, मग पक्ष्याकडे. धावत सुटायचं नाही. फडफडणाऱ्या नराच्या पायातले काटे हात फाडतात, म्हणून मानेवर पाय ठेवा. परमिटचा टॅग तिथेच भरा आणि सात दिवसांत नोंद करा. गाडीपर्यंत पक्षी नारिंगी कापडात गुंडाळून न्या.

घरी परतल्यावर

मेमध्ये तिळाएवढ्या गोचिडी सगळीकडे असतात आणि त्यांच्यामुळे लाइमचा आजार होतो. कपड्यांवर आदल्या दिवशी ०.५ टक्के परमेथ्रिन फवारून वाळवा, कातडीवर नको. संध्याकाळी काखा, कानामागे, केसांत आणि कमरपट्ट्याखाली तपासा.

पक्ष्याची आतडी लगेच काढून पोटात बर्फाच्या पिशव्या घाला. गरम गाडीत तीन तास ठेवलेलं मांस वाया जातं. छातीचं मांस कोरडं पडतं, ते पातळ कापून पटकन परता. ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवा. जून नराच्या तंगड्या मात्र चिवट असतात. त्यांना कोंबडीच्या रश्श्याचे चार शिट्ट्यांचे हिशेब लावू नका. कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण ते एक तास द्या, तंगडीतल्या टणक शिरा ओढून काढा, आणि मग वाटण घाला. मानेजवळचं मांस शिजवण्याआधी बोटांनी चाचपा. छर्रे तिथेच सापडतात आणि ते दाताखाली आले तर दात तुटतो.