जुन्या वास्तूंचं काम करायचंय? आधी काळी माती ओळखा

बी.आर्क. ही वास्तुकलेची पदवी 5 वर्षांची. त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. पुढे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी. वास्तुजतनाचं एम.आर्क. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) करता येतं. एवढं कुणीही सांगेल. विदर्भाच्या खेड्यांत मंदिरं, वाडे सांभाळायचे असतील तर आधी माती ओळखावी लागते.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा जुना वाडा वर्षभर थोडा थोडा हलत असतो. मे महिन्यात बोट शिरेल एवढी भेग सप्टेंबरात जवळपास मिटलेली दिसू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत अंदाजपत्रक देऊ नका. भेगेच्या दोन्ही अंगांना बारीक खिळे ठोका आणि त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला तारखेसह वहीत लिहा. ते कमी-जास्त होत राहिलं तर मातीचा खेळ. वाढतच गेलं तर पाया खचतोय, तिथे थांबून चालणार नाही. तोवर टेप आणि ओळंबा घेऊन वाड्याचं मोजमाप करा. कवेलू कुठे सरकलेत, पागोळ्यांचं पाणी कुठे मुरतं, हे भर पावसात उभं राहून बघा. बहुतेक दुखणी पाण्याचीच निघतात.

गावात हमखास ऐकाल, "पाडून टाका ना जी, नवंच बांधू." नाहीतर सिमेंटचा आग्रह. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा कोंडतो, क्षार फुलतात, माती भुसभुशीत होते आणि गिलावा भिंतीचा थर घेऊनच सुटतो. अशी एखादी भिंत गावकऱ्यांना नखाने खरवडून दाखवा. मग चुन्याचं बोलणं सोपं जातं. चुना मुरवणं, सुर्खी म्हणजे विटांची भुकटी, बेलाचा गर, गुळाचं पाणी, हे सगळं जुन्या गवंड्याच्या हाताखालीच शिकावं असं माझं ठाम मत आहे. त्याची मजुरी कापून अंदाजपत्रक बसवू नका.

सुट्टीत गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याची मंदिरं बघायला जा, लोणारचं दैत्यसूदन मंदिर बघा, सिंदखेडराजाचा राजवाडा बघा. फोटो कमी काढा, हाताने रेखाटा. मार्कंड्याचा वालुकाश्म आणि पश्चिम विदर्भातला काळा पाषाण वेगवेगळ्या तऱ्हेने झिजतात, ते रेखाटताना उमगतं.

कायदाही माहीत हवा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. देवस्थानाला सभामंडप किंवा भक्तनिवास हवा असेल, तर नकाशाला हात लावण्याआधी हे अंतर मोजून घ्या.